माणसंच नाहीत तर नगरपरिषद चालते कशी? भरती, टॉवर आणि आपल्या तक्रारी

पहाटेची_फास्ट (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. मी मुंबईपासून लोकलने दीड तासावरच्या गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो चांगला आहे आणि माझ्यामुळे त्याला त्रास व्हायला नको.

आमच्या गेटसमोरचं गटार गेल्या पावसाळ्यापासून तुंबलंय. शेजारी टॉवरचं काम चालू आहे, त्याच्या डंपरखाली तीन ढापे (गटारावरची झाकणं) फुटले, रेती-खडी आत गेली, आता पाणी पुढे जातच नाही. ॲपवर तीनदा तक्रार टाकली, तिन्ही वेळा 'निराकरण झाले' असा मेसेज आला आणि गटार आहे तसंच. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या तळमजल्यावरच्या आजी त्याच फटीत पाय जाऊन पडल्या, मनगट फ्रॅक्चर. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून मी तडक नगरपरिषदेत.

बांधकाम विभागात चार टेबलं. तीन रिकामी, एकावर फायलींचा ढीग. शिपाईकाका म्हणाले, साहेब साइटवर गेलेत, बसा. दीड तास बसले. साहेब आले, वय असेल अठ्ठावीस-तीस, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि आतून तीन रबरी शिक्के काढून ओळीने टेबलावर मांडले. एक कनिष्ठ अभियंता बांधकाम, दुसरा प्रभारी पाणीपुरवठा, तिसरा घरकुल योजनेचा. माझा अर्ज त्यांनी खरंच नीट वाचला, फोटोही बघितले, मग म्हणाले, ताई, गाळ काढायचा तो आरोग्य विभागाने, ढापा बसवायचा तो मी, पण ढाप्यांचा दरकरार संपलाय, नवीन निविदेचं एस्टिमेट मलाच करायचंय आणि आज माझ्याकडे दोन इमारतींची पाहणी आहे आणि पश्चिमेला पाइपलाइन फुटलीय. हे बोलताना त्यांचा फोन चार वेळा वाजला. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्या मुलाला काय बोलणार?

घरी आल्यापासून एकच विचार चाललाय. शहर एवढं वाढतंय, दर महिन्याला नवा बोर्ड लागतो, त्या सगळ्याला परवानग्या मिळतात, मग परवानगी द्यायला यंत्रणा आहे आणि गटार बघायला नाही असं का? आणि बिल्डर जे शुल्क भरतात ते जातं कुठे? आमच्या पट्ट्यातलं उदाहरण घ्या, कुळगाव-बदलापूर २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होतं, २०११ ला १,७४,२२६ झालं आणि त्यानंतर २०२१ ची जनगणनाच झाली नाही. म्हणजे किती माणसांना किती कर्मचारी लागतात हे ठरवायला हातात असलेला अधिकृत आकडाच पंधरा वर्षांपूर्वीचा! जाणकारांनी प्लीज सांगा.

बारनिशी_निवृत्त | मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, आजींना लवकर बरं वाटो. आणि त्या पोराला बोलला नाहीत ते फार बरं केलंत.

मी ३१ वर्षं दोन नगरपरिषदांमध्ये काढली, सुरुवात आवक-जावक टेबलावर म्हणून हे नाव. तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'आकृतीबंध' या एका शब्दात आहे. कुठल्या नगरपरिषदेत कोणतं पद किती, हे शासन ठरवून देतं, त्याला आकृतीबंध म्हणतात. नगरपरिषदेला वाटलं दोन अभियंते वाढवू तर तसं करता येत नाही. ठराव करायचा, तो नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे जाणार, तिथून नगरविकास विभाग, मग वित्त विभाग, आणि प्रत्येक ठिकाणी विचारणार की पगार कशातून देणार. १९६५ च्या अधिनियमात लोकसंख्येवर वर्ग आहेत, लाखाच्या वर अ वर्ग, चाळीस हजार ते लाख ब, त्याखाली क. आता गंमत नाही, दुःख आहे की गाव ब वरून अ ला गेलं तरी माणसं आपोआप वाढत नाहीत. बोर्डावरचं अक्षर बदलतं, मस्टरवरची नावं तीच.

दुसरं म्हणजे कर्मचारी दोन तऱ्हेचे. मुख्याधिकारी, अभियंते, लेखावाले, कर निर्धारण आणि प्रशासकीय सेवेतले, स्वच्छता निरीक्षक, अग्निशमनचे, हे राज्यसंवर्गातले, त्यांची नेमणूक आणि बदली वरून होते. साधे लिपिक, शिपाई, मुकादम, व्हॉल्वमन, सफाई कामगार हे स्थानिक आस्थापनेवरचे. राज्यसंवर्गाची मोठी जाहिरात २०२३ ला आली, १,७८२ पदांची. ऐकायला आकडा मोठा वाटतो पण राज्यात नगरपरिषदा आणि नगरपंचायती मिळून साडेतीनशेच्या वर आहेत, म्हणजे एका गावाच्या वाट्याला सरासरी पाच माणसं. त्यातले काही तलाठ्याची नाहीतर दुसरी परीक्षा पास होऊन सहा महिन्यांत निघून जातात, ते टेबल पुन्हा रिकामं, मग 'प्रभारी'.

स्थानिक आस्थापनेचं तर आणखी वाईट. माणूस निवृत्त झाला, पद भरलं नाही, काही वर्षांनी ते पद व्यपगत, म्हणजे रद्दच. आमच्याकडे एक व्हॉल्वमन होते, चाळीस वर्षं पाणी सोडलं त्यांनी. जमिनीखालची लाइन कुठे वळते हे नकाशात नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. ते निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात एका आळीत पाणी येईना, रस्ता दोनदा खोदला तरी व्हॉल्व सापडेना. शेवटी त्यांना घरून रिक्षाने आणलं. चप्पल काढून पायाने रस्ता चाचपत गेले, एका पानटपरीपाशी थांबले, म्हणाले इथे खणा. दोन फुटांवर व्हॉल्व. त्या दिवशी मी तिथे होतो. त्यांच्या जागी आजतागायत कायम माणूस आलेला नाही.

नकाशावाला | मंगळवार, दुपारी १:०५

मी आर्किटेक्ट आहे, याच पट्ट्यात वीस वर्षं कामं करतो, त्यामुळे दुसरी बाजू मी सांगतो.

परवानगीला माणूस आहे आणि गटाराला नाही, हे निरीक्षण बरोबर आहे पण कारण वेगळं आहे. नकाशा मंजुरीला कायद्यात घड्याळ लावलंय. एमआरटीपी ॲक्ट १९६६ (राज्याचा नगररचना कायदा) प्रमाणे अर्ज पूर्ण असेल आणि ६० दिवसांत काहीच कळवलं नाही तर नियमात बसणारी परवानगी मिळाली असं धरलं जातं. त्यात डिसेंबर २०२० ला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, मुंबई आणि काही वगळलेले भाग सोडून सगळ्या राज्याला एकच नियम, अर्ज ऑनलाइन, फाइल कुठे अडकली ते वरून दिसतं. म्हणून कार्यालयात जो कोणी हुशार माणूस उरलाय त्याला आधी त्या टेबलावर बसवतात. नळजोडणी, दाखले, भोगवटा (इमारत वापरायची परवानगी) यांनाही लोकसेवा हक्क कायद्यात (२०१५) दिवस ठरवून दिलेत. तुंबलेल्या गटाराच्या मागे असं घड्याळ नाही, त्यामुळे ते कायम शेवटी.

आणि शुल्काचं म्हणाल तर आम्ही क्लायंटकडून विकास शुल्क, प्रीमियम, छाननी शुल्क, कामगार उपकर असं बरंच भरून घेतो. कामगार उपकर सरळ कामगार मंडळाला जातो. विकास शुल्क मात्र वेगळ्या शीर्षाखाली ठेवून सार्वजनिक सोयींवरच खर्चायचं असतं, रस्ते, गटारं, पाणी, बागा. हे कायद्यातच आहे. त्यामुळे 'पैसे कुठे जातात' असं मोघम विचारू नका, 'विकास शुल्काच्या शीर्षात गेल्या तीन वर्षांत जमा किती आणि कुठल्या कामांवर खर्च किती' असं विचारा, उत्तर द्यावंच लागतं.

पण आमच्या धंद्याच्या दृष्टीनेही माणसांची कमतरता घातक आहे हे लक्षात घ्या. तीन शिक्केवाला अभियंता पाहणीला येतो तेव्हा गेटवर फोटो काढतो, गच्चीपर्यंत जातो, टाकी बघतो, झालं. जोत्याची पातळी, बाजूची मोकळी जागा, पावसाचं पाणी कुठे सोडलंय, हे बघायला एका इमारतीला अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ त्याच्याकडे नाही. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली, लोकांनी कर्ज काढून घरं घेतली आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने इमारती पाडायचे आदेश दिले. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंगसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, लोक वर्षानुवर्षं राहिले आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत सगळ्या जमीनदोस्त. ४१ इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. पहिल्या पायाच्या खड्ड्याशी कोणी जाऊन उभं राहिलं असतं तर ती कुटुंबं वाचली असती, एवढंच मला म्हणायचंय.

विंगब_सचिव | मंगळवार, रात्री ९:३०

माफ करा पण 'माणसं नाहीत' हे ऐकून ऐकून कान किटले. आमच्या सोसायटीने मालमत्ता कर एक महिना उशिरा भरला तर दरमहा २ टक्के शास्ती लागते, तिथे कोणी म्हणत नाही की आमच्याकडे शास्ती लावायला माणूस नाही. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, एजन्सीची पोरं लेझर मशीन घेऊन घरात येऊन बाल्कनी मोजून जातात. आणि पाणी एक दिवसाआड, तेही पाऊण तास. गेल्या मे महिन्यात १४ टँकर घेतले आम्ही, हिशोब माझ्याच वहीत आहे.

आणि तक्रार करायची कोणाकडे? अंबरनाथ-बदलापूरकडे बघा, नगरसेवकांची मुदत २०२० च्या मे मध्ये संपली. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, आणि नवीन सभागृह यायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. साडेपाच वर्षं प्रशासक. घटनेत लिहिलंय पाच वर्षांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे आणि इथे निवडणूकच पाच वर्षं लांबली. ज्या काळात सगळ्यात जास्त टॉवर उठले त्याच काळात विचारायला कोणी नव्हतं.

बारनिशी_निवृत्त | बुधवार, सकाळी ६:०५

सचिवसाहेब, तुमचा राग योग्यच आहे, पण तुम्हीच उत्तर दिलंत. बाल्कनी मोजायला जी पोरं आली ती नगरपरिषदेची नव्हती, एजन्सीची होती. वसुलीला कंत्राट, कचऱ्याला कंत्राट, पाणी सोडायला कंत्राट, ॲपला कंत्राट. कंत्राटी माणसाचा पगार आस्थापना खर्चात दिसत नाही, तो कामाच्या शीर्षात जातो. महापालिकांना आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवायची अट आहे आणि ती ओलांडली की नवीन भरती थांबते, म्हणून कायम माणूस न घेता काम ठेक्याने देतात. नगरपरिषदांमध्येही हाच विचार. कागदावर खर्च आटोक्यात आणि खुर्ची रिकामी.

प्रशासकाच्या काळाबद्दल एवढंच सांगतो की सगळे प्रशासक वाईट नसतात, माझ्या एका साहेबांनी रोज सकाळी सहाला हजेरीशेडवर उभं राहून सफाई सुधारली होती. पण सभागृह नसलं की प्रश्न विचारला जात नाही, इतिवृत्तात विरोध नोंदवला जात नाही, आणि कागदावर विरोध नसला की पुढच्या माणसाला कळतच नाही की तिथे काही वाद होता.

घंटागाडी_मागून | बुधवार, रात्री ११:२०

इथे पहिल्यांदाच लिहितोय. माझे वडील कंत्राटी सफाई कामगार आहेत, सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत ठेकेदार सहा बदलले, वडील तेच, झाडू तोच, रस्ता तोच. प्रत्येक ठेकेदारासोबत नवीन नंबर, नवीन पीएफ खातं. मागच्या वर्षी सगळी खाती एकत्र करायला मी बसलो तर दोन ठेकेदारांच्या काळातला भरणाच नाही. पगारातून कापलेले पैसे, चिठ्ठीवर कपात दिसतेय, खात्यात नाही.

लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो, ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणजे ज्या कार्यालयाचं काम चालू आहे त्याच्यावर. पण ते मागायला गेलं की ऐकवतात, तुम्ही आमचे कर्मचारी नाही.

कायम सफाई कामगाराच्या मुलाला सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाने नोकरी मिळते. माझ्या वडिलांच्या शेजारी झाडणाऱ्या कायम काकांना ते मिळालं, चांगलं झालं, त्यांचा मुलगा माझा मित्र आहे. काम दोघांचं सारखं, पहाटे पावणेसहाला हजेरीशेडवर दोघं एकाच वेळी अंगठा देतात. मला वडिलांची नोकरी नको, मी शिकतोय. पण त्यांना हातमोजे तरी वेळेवर मिळावेत. पावसाळ्यात गटारात उतरून काम केल्यावर त्यांच्या बोटांची सालं निघतात, आई रात्री खोबरेल लावून कापड गुंडाळून देते.

ताई, तुमचं गटार कदाचित माझ्या वडिलांसारखाच कोणीतरी साफ करेल. तो आला तर कृपया त्याला प्यायला पाणी विचारा.

पहाटेची_फास्ट | गुरुवार, सकाळी ७:५० (गाडीतून लिहितेय)

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागली नाही. नक्की विचारीन. आणि वडिलांच्या पीएफचं सोडू नका, सचिवसाहेब किंवा काका कोणी या बाबतीत मदत करू शकत असतील तर करा ना.

बारनिशी_निवृत्त | गुरुवार, सकाळी ९:१०

बाळा, मला व्यक्तिगत निरोप टाक. दोन्ही ठेकेदारांच्या बिलासोबत पीएफ चलनाच्या प्रती जोडलेल्या असायला हव्यात, त्याशिवाय लेखा विभागाने बिल काढायलाच नको होतं. माहिती अधिकारात त्या बिलांच्या फायली मागू आपण. अर्ज मी लिहून देतो.

शिवार_सातबारा | गुरुवार, दुपारी ४:४५

सगळे फ्लॅटवाले बोलले, आता गाववाल्यांचं पण ऐका. आमची दीड एकर जमीन स्टेशनपासून अर्ध्या कोसावर. विकास आराखड्यात तिच्यावर मैदानाचं आरक्षण पडलं तेव्हा माझे वडील होते, आज ते नाहीत. एवढ्या वर्षांत ना मैदान झालं, ना पैसा मिळाला, ना घर बांधता आलं. चुलत्यांच्या पोरांनी वैतागून कडेला चाळी टाकल्या, त्या आता अनधिकृत. मी टाकल्या नाहीत, माझी बाजू अजून मोकळी आहे, तिथे पोरं क्रिकेट खेळतात.

वकील म्हणाले एमआरटीपीच्या कलम १२७ ची नोटीस द्या. अंतिम आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देतो, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. आता तुम्ही म्हणाल मैदान जाईल. मलाही तेच वाटतं. माझी स्वतःची पोरं तिथेच खेळतात. पण नगरपरिषदेत भूसंपादनाची फाइल बघणारा माणूसच नाही, मोबदला नको तर टीडीआर (पैशाऐवजी मिळणारा, विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणतात आणि टीडीआरचा प्रस्ताव तयार करायला भूमापकच नाही. मोजणीचा अर्ज दोनदा भरला. सरकारी भाषेत आम्हाला 'बाधित' म्हणतात, तो शब्द मला फार लागतो.

नकाशावाला | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

दादा, नोटीस द्यायचा हक्क तुमचा आहे, तो सोडू नका. पण त्याआधी टीडीआरचा पर्याय नीट तपासा, शहर वाढतंय म्हणून सध्या त्याला गिऱ्हाईक आहे, आणि जमीन मैदानाला गेली तर तुमच्या पोरांनाही राहील. मोजणीचा नकाशा आणि सातबारा माझ्याकडे पाठवा, प्रस्तावाचा कागद मी बघतो, फी नको.

बाकीच्यांसाठी, दादांनी जे सांगितलं ते मोठं आहे. आपण आरक्षणांबद्दल जागे होतो ते इमारत उभी राहिल्यावर. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत बहुतेक रहिवाशांना पत्ताच नसतो. मागे एका सुनावणीला मी बसलो होतो, दीडशे माणसं एकच छापील मजकूर सह्या करून घेऊन आली होती, 'आमचा आराखड्याला विरोध आहे'. समितीने सगळ्यांना मिळून दहा मिनिटं दिली. त्याच दिवशी एक शाळेतल्या बाई आल्या, त्यांनी सर्व्हे नंबर लिहिला होता, तिथल्या नाल्याचे पावसाळ्यातले फोटो आणले होते आणि मागणी एकच, नाल्याची रुंदी नकाशात कमी दाखवलीय ती दुरुस्त करा. त्यांना समितीने वीस मिनिटं ऐकलं आणि नकाशावर पेन्सिलीने खूण केली. मोघम विरोधाला कोणी उत्तर देत नाही, सर्व्हे नंबरला द्यावं लागतं.

कोड_आणि_कांदेपोहे | शुक्रवार, सकाळी ११:१५

मी आयटीतला आहे, मला वाटतं सगळं पूर्ण डिजिटल केलं तर माणसं कमी लागतील. जीआयएसवर (संगणकावरच्या नकाशावर) पाइपलाइन, गटारं, सगळं मॅप करायचं. काकांच्या व्हॉल्वमनचं ज्ञान नकाशात असतं तर तो रस्ता दोनदा खोदावा लागला नसता.

पहाटेची_फास्ट | शुक्रवार, रात्री १०:००

नकाशाचं पटलं, ते व्हायलाच हवं. पण ॲपचा माझा अनुभव ऐका. काल मी विचारून आले की माझ्या तक्रारी 'निराकरण झाले' म्हणून बंद कोण करतं. एका छोट्या खोलीत दोन मुली बसतात, एजन्सीच्या, त्यांना रोज ठरावीक तक्रारी बंद करायच्या असतात. तक्रार संबंधित विभागाला पुढे पाठवली की त्यांच्या बाजूने ती संपली, म्हणून 'निराकरण'. त्यातली एक मुलगी म्हणाली, ताई, आम्हाला 'पाठवली' असं बटणच दिलेलं नाहीये. म्हणजे गटार बघून आलेलं कोणीच नाही आणि वरच्या अहवालात मात्र सगळं हिरवं. ॲप असू दे, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला गटारात बघणारा माणूस हवाच ना.

कोड_आणि_कांदेपोहे | शुक्रवार, रात्री १०:२५

हे माहीत नव्हतं. मान्य. ते बटण घालायला दोन तास लागतात, आणि तक्रार बंद करताना आत्ताचा फोटो सक्तीचा करायचा. मी लेखी सूचना करून देतो, तुम्ही मुख्याधिकाऱ्यांना द्या.

विंगब_सचिव | शनिवार, सकाळी १०:१०

ठीक आहे, माझा राग जरा शांत झालाय. आता करायचं काय ते बोला. मी आमच्या बाजूच्या पाच सोसायट्यांच्या सचिवांशी बोललो, सगळे सही करायला तयार आहेत.

बारनिशी_निवृत्त | शनिवार, दुपारी १२:००

पत्रात 'दखल घ्यावी' असं लिहू नका, दखल घेतली म्हणून कळवतील आणि विषय संपेल. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. त्यात तीनच गोष्टी मागा. मंजूर आकृतीबंधातली पदं, भरलेली, रिक्त, आणि कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणता अतिरिक्त कार्यभार किती दिवसांपासून आहे. खरं म्हणजे अधिकाऱ्यांची यादी कलम ४ खाली मागणी न करता प्रसिद्ध करायची असते, तेही लिहा. दुसरं, नकाशावाले म्हणाले तो विकास शुल्काचा जमाखर्च. तिसरं, ढाप्यांचा दरकरार कधी संपला आणि नवीन निविदेची फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे. फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे लेखी विचारलं की ती हलते, हे ३१ वर्षांचं सांगतो.

आणि सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते, जाऊन बसा. अंदाजपत्रकाच्या सभेला तर जाच. आता नगरसेवक आहेत, नगराध्यक्षही थेट आपल्या मतांनी आलेत. २००९ पासून कायद्यात क्षेत्रसभा आहे, मतदारांनी आपल्या भागाची कामं सुचवायची सभा. माझ्या नोकरीत एकही झालेली बघितली नाही. तुमच्या नगरसेवकाला लेखी मागा.

पहाटेची_फास्ट | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:३०

अपडेट देते. आजींचं प्लास्टर अजून आहे पण तब्येत बरी आहे.

पाच सोसायट्यांच्या अर्जाचं उत्तर २६ व्या दिवशी आलं. अभियंत्यांची मंजूर पदं सहा, भरलेली दोन. ढाप्यांच्या निविदेची फाइल लेखा विभागात 'त्रुटी'साठी पडून होती, त्रुटी म्हणजे एका पानावर सही राहिली होती. अर्ज गेल्यानंतर आठवड्याभरात ती सही झाली आणि गेल्या मंगळवारी आमच्या गेटसमोर तिन्ही ढापे बसले. त्याआधी दोन दिवस गाळ काढायला चार जण आले होते. हातमोजे दोघांकडेच होते. मी पाणी आणि चहा नेला, आमच्या मजल्यावरच्या दोघीजणींनी पोहे केले. घंटागाडीदादा, तुमची खूप आठवण आली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव केलाय की पुढच्या पत्रात हातमोजे, गमबूट आणि पीएफ चलन हे मुद्दे आमच्या नावाने जाणार, फक्त कामगारांच्या नावाने नाही.

टॉवरवाल्यांनी फोडलेल्या ढाप्यांचे पैसे त्यांच्याकडून घ्यायला हवे होते, त्याबद्दल उत्तरात एक ओळ नाही. विकास शुल्काचा जमाखर्च अर्धाच दिलाय, जमा आहे, खर्चाच्या रकान्यात 'माहिती संकलित करण्यात येत आहे'. अपील टाकतोय.

आणि काल मी अभियंतासाहेबांना धन्यवाद द्यायला गेले तर टेबल रिकामं. बदली झाली. ऑर्डर आली तशी दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. त्यांच्या जागी अजून कोणी नाही. बांधकामाचा कार्यभार शेजारच्या गावच्या अभियंत्याकडे, आठवड्यातून दोन दिवस. पाणीपुरवठ्याचा शिक्का सध्या कर विभागातल्या एका मॅडमच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यांनी मला काढून दाखवला, म्हणाल्या, मला यातलं काही कळत नाही हो, मी कॉमर्सची आहे.

येत्या गुरुवारी ११ वाजता अंदाजपत्रकाची सभा आहे. रिक्त पदांचा ठराव घ्या असं पत्र आमच्या दोन्ही नगरसेवकांना दिलंय, एकांनी सभेत मांडतो म्हणून सही करून पोच दिलीय. आम्ही नऊ जण रजा टाकून जाऊन बसणार आहोत. काका, तुम्हाला येणं जमेल का? स्टेशनवरून घ्यायला मी येते.

बारनिशी_निवृत्त | रविवार, दुपारी ४:०५

येतो. ९:४० ची धीमी पकडतो. त्या मॅडमना सांगा, पाणीपुरवठ्याच्या जुन्या रजिस्टरमध्ये मागच्या पानांवर व्हॉल्वच्या जागा कोणीतरी हाताने लिहून ठेवलेल्या असतात, तेवढं आधी शोधून ठेवा.